घडीची सायकल, घरची मोटार आणि दाराशी ठेवलेली बॅटरी

वय चौपन्न. रक्तातली साखर सहा वर्षांपासून गोळ्यांवर, रक्तदाब काठावर, उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. ‘रोज अर्धा तास तरी व्यायाम करा’ असं डॉक्टरांनी सांगून वर्ष उलटलं. मुलाने हौसेने घेऊन दिलेली घडीची सायकल गॅलरीत धूळ खात उभी आहे. घरापासून स्टेशन अडीच किलोमीटर, मध्ये एक उड्डाणपूल. त्या पुलाच्या चढावर दोनदा धाप लागली आणि सायकल पुन्हा बाहेर निघालीच नाही. आता ऑफिसात कुणीतरी सांगितलं, की मोटारीचं किट मागवून घरीच बसवता येतं, एका रविवारचं काम आहे. असे एखादे काका पुण्यात, ठाण्यात, नाशकात जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडतील.

त्यांचा विचार चुकीचा मुळीच नाही. आरोग्याच्या हिशेबाने तो चांगलाच आहे. मात्र या रविवारच्या कामात काही जागा अशा आहेत, की तिथे झालेल्या चुकीची किंमत हाडांनी नाहीतर कातडीने मोजावी लागते. म्हणून हौस करण्याआधी यंत्र आणि शरीर या दोघांची बाजू नीट समजून घ्यायला हवी.

मोटार लावली तर व्यायाम कसला?

हा पहिला प्रश्न घरचेच विचारतात. उत्तर आकड्यांत शोधू. सराव नसलेला साधारण प्रकृतीचा प्रौढ माणूस पायडलवर सलग ७५ ते १०० वॉट ताकद लावू शकतो. सपाट रस्त्यावर आरामात जायला तेवढी पुरते. आता उड्डाणपुलाचा चढ घ्या. माणसाचं वजन ७५ किलो आणि सायकलचं सामानासह १८ किलो धरलं, तर पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जायला केवळ वजन वर नेण्यासाठी सुमारे १३० वॉट लागतात. घर्षण आणि वारा वेगळाच. म्हणजे शरीराची मर्यादा १०० आणि मागणी दीडशेच्या आसपास. ही तूट भरून काढताना छाती धडधडते, गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो आणि माणूस सायकल सोडून देतो.

मोटार भरून काढते ती ही तूट. बाकीचे १०० वॉट पायांनीच द्यायचे असतात. शांत बसलेल्या माणसाला लागणाऱ्या ऊर्जेला वैद्यकशास्त्रात एक ‘मेट’ म्हणतात. तीन ते सहा मेटचे श्रम मध्यम व्यायामात मोडतात. पायडलला साथ देणाऱ्या विजेच्या सायकलवरचे श्रम मोजले, तर ते बहुधा याच पट्ट्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. स्टेशनला जाऊन-येऊन रोज २५ मिनिटं पायडल मारलं, तरी सहा दिवसांत दीडशे मिनिटं भरतात. वेगळा वेळ काढावा लागत नाही, हाच यातला मोठा फायदा. गॅलरीत उभी राहिलेली साधी सायकल काहीच व्यायाम देत नाही, रस्त्यावर धावणारी विजेची सायकल थोडा तरी देते.

अट एकच. किटमध्ये दोन गोष्टी येतात. एक म्हणजे पायडल फिरलं की मोटार सुरू करणारा सेन्सर, दुसरी म्हणजे स्कूटरसारखी मूठ. मूठ पिळून नुसतं बसून राहिलं, तर ती स्कूटरच झाली. साखर उतरायची तर सेन्सर बसवा आणि मूठ अडीअडचणीपुरती ठेवा.

घडीच्या सायकलची अडचण वेगळी

घडीच्या सायकलला मोठी परंपरा आहे. लंडनमध्ये अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात ब्रॉम्प्टन सायकल घडवली, तिची चाकं १६ इंची. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी १९८२ मध्ये डाहोन कंपनी काढली, तिच्या बहुतेक सायकलींची चाकं २० इंची. लहान चाक, मध्ये बिजागरी आणि उंच, सरकता सीटचा दांडा ही त्यांची ठेवण. मोटार बसवताना या तिन्ही गोष्टी आड येतात.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे पुढच्या चाकाच्या तुंब्यात बसणारी मोटार, म्हणजेच हब मोटार. जुनं पुढचं चाक काढायचं, त्याचे टायर-ट्यूब मोटारीच्या चाकावर चढवायचे आणि ते चाक चिमट्यात बसवायचं. इथेच पहिला घोळ होतो. साध्या सायकलच्या पुढच्या चिमट्याच्या आतलं अंतर १०० मिलिमीटर असतं. ब्रॉम्प्टन आणि डाहोनच्या अनेक सायकलींत ते फक्त ७४ मिलिमीटर असतं. मोठी मोटार बसावी म्हणून चिमटा ताणून रुंद केला, तर धातूत ताण राहतो आणि एके दिवशी खड्ड्यात तो मोडतो. म्हणून किट मागवण्याआधी पट्टी घेऊन अंतर मोजावं आणि त्या मापाचीच मोटार घ्यावी.

दुसरी गोष्ट चिमट्याच्या धातूची. चुंबक लावून पाहिलं की लोखंडी चिमटा ओळखता येतो. अॅल्युमिनियमचा चिमटा वाकण्याऐवजी एकदम तडकतो, तेव्हा त्यात मोटार बसवणं टाळलेलं बरं. चाक पुढे ढकलताना मोटारीचा आस तेवढ्याच जोराने उलटा फिरू पाहतो. आस खाचेतून निसटला, तर पुढचं चाक चालत्या सायकलमधून सुटतं. चालवणारा हँडलवरून तोंडावर पडतो. जबडा, दात, मनगट आणि गळपट्टीचं हाड यांना इजा होते ती अशाच पडण्यात. त्यासाठी आसाला धरून ठेवणारी पोलादी पट्टी मिळते, तिला ‘टॉर्क आर्म’ म्हणतात. ती किटमध्ये नसेल तर वेगळी घ्यावी. पहिले ५० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळावेत. ही पट्टी आणि हे आवळणं, दोन्ही अंगावर निभावणाऱ्या गोष्टी नाहीत.

तिसरी गोष्ट लहान चाकाची. २६ इंची चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जातं, १६ इंची चाक जेमतेम १.३ मीटर. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी मोठ्या चाकाला मिनिटाला साधारण २०० फेरे पुरतात, लहानाला ३२० लागतात. मोठ्या चाकासाठी बनवलेली मोटार लहान चाकात लावली तर जोर भरपूर मिळतो, पण वेग मिळत नाही. म्हणून विक्रेत्याला चाकाचं माप आधीच सांगावं.

उरतात त्या वायरी. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत आणि तिथून मोटारीपर्यंत जाणाऱ्या वायरी बिजागरीवरून जातात. सायकल घडी करताना त्या चिमटल्या, तर आतलं आवरण हळूहळू कापलं जातं आणि एक दिवस शॉर्ट होतो. वायरला बिजागरीपाशी थोडी ढील द्यावी, दहा वेळा घडी घालून-उघडून पाहावी आणि मगच बांधावी. बॅटरीच्या धन वायरवर योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडावी. ब्रेक दाबताच मोटार बंद करणारी मूठ किटमध्ये असते, ती बसवायचा कंटाळा करू नये.

ब्रेकचीही गोष्ट आहेच. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलची गतिज ऊर्जा पावणेतीन पट होते. जुने, कडक झालेले रबर तिला थांबवू शकत नाहीत. नवे ब्रेक पॅड आणि नव्या तारा यांना मोटारीच्या मानाने काहीच खर्च येत नाही.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि पुण्यातल्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने तसं तपासून मंजूर केलं असेल, तर अशी सायकल मोटार वाहनात धरली जात नाही. तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. युरोपातही हीच २५० वॉट आणि २५ किलोमीटरची रेघ आहे. घरी बनवलेल्या सायकलला असं प्रमाणपत्र नसतं, म्हणून किट घेताना मंजुरीची कागदपत्रं विचारावीत आणि निदान ही मर्यादा तरी ओलांडू नये. ५०० किंवा १००० वॉटची मोटार लावून ताशी ४५ ने पळणारी सायकल कायद्याच्या नजरेत परवाना आणि विमा नसलेली दुचाकी ठरते. शरीराच्या नजरेत तर ती त्याहून वाईट. सायकलची चौकट, चाकं आणि डोक्यावरचं पातळ सायकली हेल्मेट यांतलं काहीच त्या वेगासाठी बनवलेलं नसतं.

बॅटरी: खरी जोखीम इथे

मोटारीने माणूस पडू शकतो, बॅटरीने घर पेटू शकतं.

लिथियम आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. ती घडवल्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे. पण मोबाइलमध्ये एक सेल असतो आणि सायकलच्या ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर बॅटरीत करंगळीहून थोडे जाड असे साधारण ४० सेल जोडलेले असतात. तिच्यात ३६० वॉट-अवर ऊर्जा मावते. घरच्या विजेच्या हिशेबात ती अर्ध्या युनिटपेक्षाही कमी, म्हणून चार्जिंगचा खर्च अगदीच किरकोळ. तेवढ्यात पायडलच्या साथीने २५ ते ३५ किलोमीटर जाता येतं.

प्रत्येक सेलच्या आत धन आणि ऋण बाजूंच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. सेल दबला, भिजला, प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा मुळातच सदोष असला की आत उष्णता वाढते. १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पडदा वितळतो आणि दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. पुढे सेलमधूनच प्राणवायू आणि ज्वालाग्राही वायू सुटतात, शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत, सगळी बॅटरी पेटते. विझली असं वाटलेली आग काही तासांनी पुन्हाही भडकते.

हे कागदावरचं भय नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं दगावली. त्याच वर्षी त्या शहराने प्रमाणित नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आणली. लंडनच्या अग्निशमन दलाने तर घरी किट लावून बदललेल्या सायकली आणि न जुळणारे चार्जर यांच्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक दुचाकी पेटल्याच्या घटनांनंतर सरकारने बॅटरी सुरक्षेचे निकष कडक केले.

घरी सायकल बनवणाऱ्याने यातून काय घ्यायचं? मोटार घरी बसवा, बॅटरी मात्र घरी बनवू नका. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, डाग देऊन बनवलेली स्वस्त बॅटरी बाजारात मिळते. तिच्यातला एक अशक्त सेल बाकीच्या ३९ ना घेऊन बुडतो. चांगल्या कंपनीचे सेल, प्रत्येक रांगेवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, मजबूत डबा आणि चाचणीचं प्रमाणपत्र असलेली तयार बॅटरी घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी वजनाने जास्त असते, पण उष्णतेला अधिक सोसते. आपल्या उन्हाळ्याचा विचार करता ती शहाणपणाची निवड आहे.

चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरावा. ३६ व्होल्टची साधी लिथियम बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, ४८ व्होल्टची ५४.६ ला. दोन्ही चार्जरची पिन सारखीच असू शकते. घाईत चुकीचा चार्जर लागला, की बॅटरीच्या आतल्या नियंत्रणावर सगळी भिस्त उरते. पावसाळ्यात चार महिने पडून राहिलेली, पार उतरलेली बॅटरीही तशीच धोक्याची. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना शॉर्ट होतो. सायकल ठेवून द्यायची असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाहावी. फुगलेली, आपटलेली, पाण्यात बुडालेली किंवा विचित्र वास येणारी बॅटरी घरात ठेवू नये. ती कचऱ्यात टाकू नये, विक्रेत्याला किंवा ई-कचरा केंद्राला परत द्यावी.

दाराशी नको

आता आपल्या काकांच्या घरी परत येऊ. चौथा मजला, दोन खोल्या. सायकल ठेवायला जागा एकच, मुख्य दाराच्या आत, चपलांच्या रॅकशेजारी. तिथेच प्लग आहे. दोन अँपिअरच्या चार्जरने बॅटरी भरायला पाच-सहा तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपायचं असा साधा हिशेब. सगळ्यांचा हाच असतो आणि सगळ्यात घातकही हाच.

मध्यरात्री बॅटरी पेटली, तर आग दाराशी आणि घरचे लोक आत. बाहेर पडायची वाट एकच आणि तीच पेटलेली. जिन्याखाली चार्ज केली तर साऱ्या इमारतीची वाट बंद. म्हणून बॅटरी सायकलवरून काढून, घरात सगळे जागे असताना, फरशीवर, पडदे-गाद्या-कागदांपासून दूर आणि बाहेर जायच्या वाटेवर नसलेल्या जागी चार्ज करावी. मोकळी गॅलरी असेल तर उत्तम, पण ऊन आणि पाऊस लागू देऊ नये. उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, मग प्लग लावावा. भरली की काढावी. एक्स्टेंशन बोर्डाच्या माळेवर लावू नये.

एवढं करूनही धूर किंवा फसफस सुरू झाली, तर ती उचलून बाहेर न्यायच्या फंदात पडू नये. अनेकांचे हात आणि चेहरे अशाच प्रयत्नात भाजतात. सगळ्यांना बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि ‘लिथियम बॅटरी पेटली आहे’ असं स्पष्ट सांगा. या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असू शकतो. धूर श्वासात गेलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी रुग्णालयात न्यावं, कारण फुप्फुसावरचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. डॉक्टरांना बॅटरीचा धूर होता हे आवर्जून सांगावं.

भाजलेल्या जागेवर लगेच नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं सोडावं. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढावं. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काहीही लावू नये. यामुळे जखम खोल जाते किंवा चिघळते, आणि रुग्णालयात ते लेप खरवडून काढताना रुग्णाचे हाल होतात. स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकावं आणि निघावं.

सीटवर बसण्याआधी

शरीराच्या बाजूनेही थोडी तयारी लागते. चालताना छातीत दडपण येत असेल, चक्कर येत असेल किंवा थोड्या श्रमानेच धाप लागत असेल, तर आधी तपासणी आणि मग सायकल. मोटार आहे म्हणून हृदयावर भार येत नाही, असं समजू नये.

मधुमेहात केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरण्याची शक्यता फार कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी जाणवली की थांबून तीन चमचे साखर खावी. पायांना बधिरपणा असेल तर चपला नकोत, बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत.

गुडघ्याचं दुखणं पुष्कळदा सीटच्या उंचीतून येतं. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. घडीच्या सायकलीत सीट रोज खाली जाते आणि घाईत ती बोटभर खालीच राहते. एकदा योग्य उंची ठरवून दांड्यावर पक्क्या शाईची खूण करावी. चढ लागण्याआधीच मोटारीची साथ वाढवावी.

आणि वजन. बारा किलोची सायकल किट बसल्यावर सतरा-अठरा किलोची होते. ती एका हाताने उचलून जिना चढणं म्हणजे कंबरेला निमंत्रण. बॅटरी वेगळ्या पिशवीत घ्यावी, सायकल दोन हातांनी उचलावी, लिफ्ट असेल तर वापरावी. विमानाने सायकल न्यायचा विचार असेल, तर १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही हेही लक्षात ठेवावं.

हेल्मेट घालायचंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

एवढं सगळं वाचून कुणी सायकल पुन्हा गॅलरीत उभी करू नये. गेली कित्येक वर्षं गोळ्या वाढत गेल्या आणि चालणं कमी होत गेलं, ती दिशा बदलण्याची ही चांगली संधी आहे. पट्टी घेऊन चिमटा मोजायचा, टॉर्क आर्म लावायची, बॅटरी प्रमाणित घ्यायची आणि चार्जिंगची जागा दारापासून दूर हलवायची. काकांच्या घरी त्यासाठी फक्त चपलांचं रॅक सरकवून स्वयंपाकघराच्या गॅलरीत एक प्लग ओढावा लागेल. इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम. किट मागवण्याआधी ते करून घ्यावं.